रोज एक मिलिमीटर

कंबरेच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या आत काही चेतापेशी असतात. केंद्रक आणि प्रथिनं बनवण्याची जवळपास सगळी यंत्रणा ज्यात असते तो त्यांचा मुख्य भाग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात मावतो. त्यातून निघालेला एक धागा मात्र मांडीतून, पोटरीतून, घोट्याला वळसा घालून थेट पायाच्या पंजातल्या स्नायूंपर्यंत जातो. उंच माणसात तो मीटरभर भरतो. मध्ये कुठे जोड नाही, मुक्काम नाही, ही सगळी एकच पेशी. त्या धाग्याचं नाव अक्षतंतू, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅक्झॉन.

मज्जासंस्थेबद्दल कुणीही बोलायला लागलं की गाडी लगेच विजेवर येते. मेंदूतून संदेश निघतो, सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतो आणि पापणी लवते न लवते तोच पाय हलतो. हे खरंच आहे आणि सुंदरही आहे. पण हे वाचताना माझं मन हल्ली दुसरीकडेच भरकटतं. त्या धाग्याच्या टोकाला लागणारा माल पोचवतं कोण? तिथल्या प्रथिनांचं आयुष्य काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. पेशी मात्र जन्मभराची. ती मेली तर तिच्या जागी सहसा नवी येत नाही. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षं अखंड रसद पुरवायची, तीही जिथे माल बनतो तिथून मीटरभर लांब. प्रथिनाने आपलं आपण तरंगत, धक्के खात पुढे सरकावं म्हटलं तर ते जमण्यातलं नाही. विसरणाचा, म्हणजे असं आपोआप पसरत जाण्याचा, नियम निर्दय आहे: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. साधा हिशेब मांडला तरी एक मीटरसाठी हजाराहून जास्त वर्षं लागतील.

तेव्हा काहीतरी ढकलत असलं पाहिजे, किंवा ओढत.

याचा पहिला ठळक पुरावा पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ साली मांडला. त्यांचा प्रयोग आजच्या मानाने फारच साधा होता. उंदराच्या मज्जातंतूभोवती त्यांनी एक घट्ट वेढा बसवला, तंतू तुटणार नाही पण आवळला जाईल एवढाच. काही आठवड्यांनी पाहिलं तर वेढ्याच्या एका बाजूला, म्हणजे मुख्य पेशीच्या बाजूला, धागे फुगून वेडेवाकडे झालेले आणि पलीकडे बारीक पडलेले. वेढा काढला की तुंबलेला माल पुढे सरकू लागला. वेग होता दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. तोवर अक्षतंतू म्हणजे एकदा टाकून दिलेली तार अशीच बहुतेकांची समजूत होती. ती आतून सतत वाढत असते, पुढे सरकत असते, झिजत असते आणि पुन्हा भरत असते, हे या फुगवट्याने दाखवलं.

हा एक मिलिमीटर वैद्यकात दुसऱ्या वाटेनेही येतो. हाताला खोल जखम होऊन मज्जातंतू तुटला आणि शिवला, तर बोटाला संवेदना कधी येईल असं विचारल्यावर डॉक्टर जखमेपासून बोटापर्यंतचं अंतर मोजतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर या दराने महिने सांगतात. दोन्ही आकडे जुळतात हा योगायोग नव्हे. नवा धागा उभा राहायला जे सामान लागतं, ते याच संथ वाहतुकीतून येतं. सामान येईल त्याहून वेगाने बांधकाम कसं होणार?

हे सामान म्हणजे मुख्यतः तीन प्रकारचे तंतू. सगळ्यांत जाड ते मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे सूक्ष्मनलिका. जाड म्हटलं तरी त्यांचा व्यास २५ नॅनोमीटर. अशा चाळीस हजार नळ्या शेजारी शेजारी लावल्या तर एक मिलिमीटर भरेल. मधले न्यूरोफिलामेंट, १० नॅनोमीटरचे. आणि सर्वांत बारीक अ‍ॅक्टिनचे, ७ नॅनोमीटरचे. तिघांना मिळून पेशीचा सांगाडा म्हणतात. हाडांच्या सांगाड्याशी त्याचं साम्य आधार देण्यापुरतंच आहे. हाडं रोज मोडून रोज उभी राहत नाहीत, हे तंतू राहतात.

सूक्ष्मनलिका कशाच्या असतात हे ज्या रीतीने कळलं ती गोष्ट मला फार आवडते. कोल्चिसिन हे एका कंदवर्गीय फुलझाडातून मिळणारं गाउटवरचं जुनं औषध पेशीविभाजन थांबवतं. ते नेमकं कशाला चिकटतं हे शोधायला एडविन टेलर आणि गॅरी बोरिसी यांनी १९६०च्या दशकात किरणोत्सारी खूण केलेलं कोल्चिसिन वापरलं. विभाजन थांबतं तर ज्या पेशी भराभर विभागतात तिथेच ते जास्त चिकटावं, ही अपेक्षा रास्त होती. तसं ते चिकटलंही. पण मेंदूतही चिकटलं, आणि तेही भरपूर. ज्या अवयवातल्या पेशी विभागायचं जवळजवळ सोडून देतात, त्याच अवयवात विभाजनाच्या दोऱ्यांचं प्रथिन ठासून भरलेलं! त्या प्रथिनाला पुढे ट्यूब्युलिन हे नाव मिळालं, आणि आजही प्रयोगशाळांना ट्यूब्युलिन हवं असलं की ते डुकराच्या किंवा गायीच्या मेंदूतूनच काढतात.

ट्यूब्युलिनचे दोन जवळपास सारखे रेणू जोडीने राहतात. जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. अशा जोड्या एकापुढे एक लागून रांग होते आणि साधारण तेरा रांगा कडेने जुळून नळी होते. १९७२ मध्ये रिचर्ड वाइझनबर्ग यांनी मेंदूच्या अर्कातलं कॅल्शियम बांधून ठेवलं, अर्क कोमट केला आणि परीक्षानळीत या नळ्या आपोआप उभ्या राहिल्या. गार केलं की विरघळल्या. पुन्हा कोमट केलं, पुन्हा उभ्या. १९६०पूर्वीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत त्या सहसा का दिसत नाहीत याचं उत्तरही इथेच आहे: तेव्हा नमुने ऑस्मियममध्ये, तेही थंड ठेवून पक्के करायची रीत होती, आणि त्यात बहुतेक नळ्या आधीच नाहीशा व्हायच्या. १९६३च्या सुमारास नमुने पक्के करायला ग्लुटाराल्डिहाइड हे नवं रसायन आलं आणि जिकडेतिकडे नळ्या दिसू लागल्या.

१९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी याहून विचित्र गोष्ट दाखवली. एकाच थेंबात, एकाच वेळी, काही नळ्या संथपणे वाढत असतात आणि काही धडाधड कोसळत असतात. नळीच्या टोकाला ताज्या, ऊर्जेने भरलेल्या जोड्यांची टोपी असते. ती आहे तोवर नळी वाढते. टोपी गेली की नळी टोकापासून उलगडत जाते, आणि पुन्हा टोपी मिळाली तर पुन्हा वाढते. अक्षतंतूतल्या नळ्या याहून बऱ्याच टिकाऊ असतात, त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं तिथे असतात. तरी एकही नळी मीटरभर लांब नसते. छोटे छोटे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून रांगेत ठेवलेले, आणि सगळ्यांची वाढती टोकं एकाच दिशेला, बाहेरच्या बाजूला. चेतापेशीच्या आखूड फांद्यांत, ज्यांना वृक्षिका म्हणतात त्यांच्यात, ही शिस्त नसते. तिथे नळ्यांची तोंडं दोन्हीकडे असतात. मालाला अक्षतंतूत जायचं की वृक्षिकेत हे कळायला या फरकाचा मोठा उपयोग होतो.

आता स्क्विडकडे यायला हवं. या समुद्री जिवाच्या अंगात एक अक्षतंतू इतका जाड असतो, मिलिमीटरच्या आसपास, की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी याच धाग्यावर काम करून १९५२ मध्ये विजेच्या संदेशाचं गणित मांडलं, त्यांना नोबेल मिळालं आणि ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांत गेली. पण त्याच धाग्यातून निघालेली दुसरी गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. हा धागा कापून त्यातला रस पिळून काचेवर काढता येतो. आवरण गेलं, पेशी म्हणून जे काही होतं ते संपलं, तरी त्या रसात बारीक कण तासन्‌तास धावत राहतात. एक कण उजवीकडे निघालेला, त्याच नळीवर दुसरा डावीकडे, एकमेकांच्या बाजूने जाताना दोघेही अडखळत नाहीत. अशा चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पाहताना लक्षात राहते ती त्यांची ठाम चाल. पाण्यातला कचरा भरकटतो तसं यात काहीच नाही.

१९८५ साली रॉन व्हेल, टॉम रीझ आणि मायकल शीट्झ यांनी स्क्विडच्या या रसातून, आणि गायीच्या मेंदूतूनही, हे धावणं घडवणारं प्रथिन वेगळं काढलं. काचेवर त्याचा थर दिला आणि वर सूक्ष्मनलिका सोडल्या तर त्या काचेवरून सरपटू लागत. त्याचं नाव कायनेसिन. पुढच्या वीसेक वर्षांत त्याची चाल पावलागणिक मोजली गेली. त्याला दोन पाय असतात (शास्त्रीय भाषेत त्यांना डोकी म्हणतात, पण काम पायांचंच आहे). मागचा पाय उचलून पुढे टाकायचा, मग दुसरा. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटर, म्हणजे ट्यूब्युलिनची बरोबर एक जोडी. प्रत्येक पावलाला ऊर्जेचा एक रेणू, एटीपीचा, खर्च. पाठीवर आपल्या अंगापेक्षा कितीतरी मोठं ओझं घेतलेला हमाल जसा लय न सोडता चालतो तसा तो चालतो. शंभरेक पावलांनंतर सुटून पडतो, पण ओझ्याला असे अनेक जण लागलेले असतात, एक सुटला तर दुसरा धरतो. पायाच्या पंजापर्यंत पोचायला साडेबारा कोटी पावलं. ही जलद वाहतूक दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे मीटरभर वाट अडीच दिवसांत.

उलट दिशेचं काम डायनीन नावाचा दुसरा रेणू करतो. टोकाकडचे जीर्ण झालेले भाग मोडीत काढायला आणि ‘इथे सगळं ठीक आहे’ असे रासायनिक निरोप मुख्य पेशीकडे न्यायला तो लागतो. या परतीच्या वाटेचा गैरफायदा घेणारेही आहेत. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागी अक्षतंतूत शिरतो आणि डायनीनच्या आधाराने कण्याकडे, तिथून मेंदूकडे जातो. धनुर्वाताचं विषही याच वाटेने चढतं. पायाला चावा असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर जवळ. चावल्यानंतर लस देऊनही माणूस वाचू शकतो तो या मधल्या अवधीमुळे. हा हिशेब कळल्यापासून ‘चावलं तर लगेच जा’ या सल्ल्याकडे मी अधिक गांभीर्याने बघते.

संथ वाहतुकीचं कोडं मात्र बराच काळ सुटलं नव्हतं. नळ्या आणि न्यूरोफिलामेंट दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतात, तर त्यांना ओढणारं यंत्रही तितकंच मंद असेल का? २०००च्या सुमारास अँथनी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरोफिलामेंटला चमकणारं प्रथिन जोडून जिवंत पेशीत पाहिलं. एखादा तंतू स्वस्थ पडून आहे, बराच वेळ पडून आहे, आणि अचानक सुसाट निघतो. कायनेसिनला शोभेल अशाच वेगाने. थोडं अंतर जातो, पुन्हा थबकतो, कधी उलटाही फिरतो. सरासरी संथ आहे ती विश्रांतीमुळे. यंत्र तेच, फक्त थांबणं जास्त. हे वाचून मला विनाकारण बरं वाटलं.

पण न्यूरोफिलामेंटचं खरं काम पोचल्यावर सुरू होतं. अक्षतंतूची जाडी मुख्यतः ते ठरवतात, आणि जाडीवर संदेशाचा वेग अवलंबून असतो. जपानमध्ये लावा पक्ष्यांची एक जात सापडली होती जिच्यात जनुकातल्या बिघाडामुळे न्यूरोफिलामेंट बनतच नाहीत. पक्षी जगतात, पण त्यांचे अक्षतंतू बारीक असतात, संदेश मंद जातात आणि पक्षी सतत थरथरतात. वीज आणि वाहतूक असे दोन वेगळे विभाग मी इतका वेळ पाडले खरे, पण हा पक्षी ते पाडू देत नाही.

या तंतूंचा इतिहास मात्र सूक्ष्मनलिकांच्याही खूप आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या चेतापेशींत काळे, केसासारखे तंतू दिसू लागले. हंगेरीच्या इश्तवान अपाथी यांनी १८९७ मध्ये जळूच्या पेशींत त्यांची फार बारकाईने चित्रं काढली आणि ठाम सांगितलं की संदेश वाहून नेणारे हेच, आणि ते एका पेशीतून दुसरीत अखंड जातात. आल्ब्रेख्ट बेथे यांचंही मत तसंच. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल याच्या पूर्ण विरोधात. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. त्यांनी १९०३ मध्ये चांदीची स्वतःची पद्धत काढली, आणि विरोधकांच्याच तंतूंचा अभ्यास सुरू केला. त्यांचे शिष्य तेयो यांना सरपटणाऱ्या प्राण्यांत थंडीच्या सुप्तावस्थेच्या वेळी हे तंतू जाड आणि विरळ झालेले दिसले. ऊब आली की पुन्हा बारीक आणि दाट. रेबीज झालेल्या प्राण्यांतही काहालना तंतू असेच बदललेले दिसले. ऋतूप्रमाणे बदलणारी ही वस्तू पक्की तार असणं अवघडच होतं.

१९०६ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. नोव्हेंबरच्या ३ तारखेला ट्यूबिंगनमध्ये अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूबद्दल भाषण दिलं. ती पाच वर्षांपूर्वी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली होती, स्मृती जात होती, आणि पंचावन्नाव्या वर्षी गेली. चांदीने रंगवलेल्या तिच्या मेंदूत अनेक पेशींतले तंतू जाड होऊन एकमेकांत गुंतलेले दिसले. काही ठिकाणी पेशी नाहीशी झालेली आणि तिच्या जागी नुसता गुंता उरलेला. भाषणानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. पुढच्याच महिन्यात स्टॉकहोममध्ये चेतापेशींचं अखंड जाळं मानणारे इटलीचे गोल्जी आणि काहाल यांना एकत्र नोबेल दिलं गेलं, आणि गोल्जींनी आपल्या भाषणात काहालच्या सिद्धांतावरच हल्ला चढवला. चेतापेशी स्वतंत्र की जाळं, हा वाद तेव्हा गाजला. तंतूंचा गुंता अडगळीत गेला आणि १९६०च्या दशकापर्यंत जवळजवळ तिथेच राहिला.

गुंत्यात काय आहे हे १९८०च्या दशकात कळलं: टाऊ नावाचं प्रथिन, जे १९७५ मध्ये कर्शनर यांच्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मनलिकांना चिकटलेलं सापडलं होतं. निरोगी पेशीत ते नळ्यांवर अंतराअंतराने बसलेलं असतं. अल्झायमरमध्ये त्यावर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढतात, ते नळ्या सोडतं आणि आपसात जुळून कडक तंतू बनवतं. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूतून हे तंतू काढून अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची घडी जवळजवळ अणूअणूपर्यंत दाखवली. नंतर दुसऱ्या एका स्मृतिभ्रंशाच्या आजारात टाऊची घडी वेगळी निघाली. प्रथिन तेच असून घडी निराळी आणि आजारही निराळा.

टाऊ गेलं म्हणून नळ्या कोसळतात आणि पेशी मरते, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सरळ सांगितलेली आढळते. मला ती जरा जास्तच सरळ वाटते. टाऊचं जनुक काढून टाकलेले उंदीर बऱ्यापैकी धडधाकट वाढतात. तेव्हा टाऊ नसणं हा सगळा आजार नव्हे. गुंता स्वतः, किंवा त्याच्याही आधी बनणारे छोटे गठ्ठे, काहीतरी बिघडवत असावेत. तेयोंच्या थंडीतल्या प्राण्यांचीही आठवण इथे होते, कारण २००३ मध्ये युरोपातल्या जमिनीत राहणाऱ्या खारींबद्दल एक निष्कर्ष आला. सुप्तावस्थेत गेल्यावर त्यांच्या मेंदूतल्या टाऊवरही अल्झायमरसारखाच फॉस्फेटचा थर चढतो, पेशींचे जोड आखडतात. खार जागी झाली की सगळं उतरतं, जोड पुन्हा फुटतात. हे एका हिवाळ्यात अनेकदा घडतं. माणसाच्या मेंदूत ही क्रिया जाताना दिसते, येताना दिसत नाही. का, याचं उत्तर माझ्या मते संपूर्ण विषयातला सगळ्यांत मोठा ऐवज आहे.

घरात हा विषय शिरला तो माझ्या मावशीच्या केमोथेरपीमुळे. पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. केस जाणार हे ठाऊक होतं, त्याची तयारी होती. काही आठवड्यांनी ती म्हणाली, बटण हातात आहे की निसटलं ते बघितल्याशिवाय कळत नाही गं. चप्पल पायातून सुटून मागे राहायची आणि ही चार पावलं पुढे गेलेली असायची. आधी पायाची बोटं, मग हाताची, जणू मोजे आणि हातमोजे चढवल्यासारखं. हे औषध पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं, आणि सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये त्याची करणी उलगडली: ते सूक्ष्मनलिका मोडू देत नाही. सदाफुलीतून मिळणारं व्हिंक्रिस्टिन याच्या नेमकं उलट, नळ्या उभ्याच राहू देत नाही. दोन्हींनी कर्करोगाची पेशी विभागताना अडकते. आणि दोन्हींनी हातापायांच्या बोटांची जाणीव जाते. एक औषध नळी बांधू देत नाही, दुसरं सोडू देत नाही, चेतापेशीला दोन्ही सारखंच भोवतं. सर्वांत लांब धागे आधी मार खातात, म्हणून पायाची बोटं पहिली. मावशीला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे मी उंच आहे त्याचा हा तोटा. औषध बंद झाल्यावर हात बराच सुधारला, पाय तितका नाही.

अ‍ॅक्टिनबद्दल थोडक्यात, जरी त्यावर स्वतंत्र लेख होईल. वृक्षिकांवर जिथे दुसऱ्या पेशीचा संदेश उतरतो तिथे मायक्रॉनभर उंचीचे काटे असतात, आणि ते उभे असतात अ‍ॅक्टिनवर. शिकताना, आठवण पक्की होताना काटे फुगतात, आकार बदलतात. आणि त्यातलं बहुतेक अ‍ॅक्टिन मिनिटा-दोन मिनिटांत बदललेलं असतं. फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न विचारला होता: रेणू दिवसा-आठवड्यांत बदलून जातात, मग चाळीस वर्षांपूर्वीची आठवण राहते कुठे? रेणू बदलले तरी त्यांची मांडणी एकमेकांना सांभाळून घेत राहते, अशा दिशेची उत्तरं आज दिली जातात. पटतात, पण पुरती नाहीत. अक्षतंतूत मात्र अ‍ॅक्टिनचं वेगळंच रूप २०१३ मध्ये शाओवेई झुआंग यांच्या गटाला दिसलं: आवरणाच्या आतून १९० नॅनोमीटर अंतरावर एकसारखी कडी, आणि दोन कड्यांना जोडणारं स्पेक्ट्रिन. स्पेक्ट्रिन नसलेल्या सूक्ष्म कृमींचे अक्षतंतू वळवळताना तुटतात. त्याच कृमींना लुळं केलं तर तुटत नाहीत. म्हणजे नुसतं हलणं-डुलणं सोसायलाही चेतापेशीला अंगभर आधार लागतो.

आणि हो, जाणीव सूक्ष्मनलिकांत आहे, क्वांटम पातळीवर आहे, हे कुणीतरी मला दर काही महिन्यांनी पाठवतं. रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी हा विचार १९९०च्या दशकात मांडला. मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब करून दाखवलं की मेंदूच्या उबदार, ओल्या वातावरणात अशी नाजूक अवस्था सेकंदाच्या लाख-कोटीव्या हिश्शाइतकीही टिकत नाही. त्यांच्या हिशेबावरही आक्षेप आहेत. माझी अडचण साधी आहे. याच नळ्या यीस्टमध्ये आहेत, शुक्राणूच्या शेपटीत आहेत. जाणिवेचं गूढ दुसऱ्या गूढाच्या गळ्यात बांधून काय हाती लागतं ते मला उमगत नाही, आणि प्रत्यक्ष दिसणारी वाहतूक त्या नादात कुणी बघत नाही याचा थोडा रागही येतो.

अलीकडे या तंतूंना दवाखान्यातही काम मिळालं आहे. अक्षतंतू मोडला की न्यूरोफिलामेंटचे तुकडे बाहेर सांडतात, मेंदूभोवतीच्या द्रवात आणि तिथून अगदी किंचित रक्तात उतरतात. ती अत्यल्प मात्रा आता मोजता येते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (अक्षतंतूंवरचं आवरण झिजण्याचा आजार), एएलएसमध्ये (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) ती वाढते. मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांत सामन्यानंतर वाढते. आणि वयाबरोबर सगळ्यांतच हळूहळू वाढते. कुठला धागा मोडला हे ती सांगत नाही, मोडतंय एवढंच सांगते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एसओडी१ जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या एएलएसवर टोफर्सेन या औषधाला परवानगी दिली, ती मुख्यतः रक्तातली ही मात्रा घटली म्हणून. चाचणीच्या ठरलेल्या मुदतीत रुग्णांच्या ताकदीत ठोस फरक सिद्ध झाला नव्हता. त्यावर बरीच टीका झाली. मला तो निर्णय मान्य आहे. या आजारात माणसाकडे वाट बघायला वेळ नसतो, आणि आकडा ज्या गोष्टीचा आहे ती खरीच मोडत असते. पण हीच तपासणी उद्या धडधाकट माणसांच्या वार्षिक चाचण्यांच्या यादीत आली, तर मी ती करून घेण्याआधी विचारेन की आकडा वाढलेला निघाला तर पुढे काय करता येतं. मल्टिपल स्क्लेरोसिसचा डॉक्टर त्याला उत्तर देऊ शकेल. अल्झायमरच्या डॉक्टरचं उत्तर अजून तोकडं आहे.